पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

काका फ्रिज उघडण्याआधी त्याच्या दारावर टकटक करायचे. बोट वाकवून, हळू, दोनदा. मग क्षणभर थांबायचे, दार उघडायचे आणि आतल्या दुधाला म्हणायचे, "सॉरी हं, डिस्टर्ब केलं."

मँचेस्टरला त्यांच्या घरी राहायला गेले, त्या पहिल्याच सकाळी मी हे पाहिलं. चहाचा कप हातात तसाच धरून मनात म्हटलं, बाई गं, कुणाच्या घरात येऊन पडलो आपण! वडिलांना फोनवर यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी रात्ररात्र झोप घेतली नसती.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. वर्ध्याजवळच्या एका जिनिंग फॅक्टरीत वडील वॉचमन होते, आई शाळेत खिचडी शिजवायची. मी बी.एस्सी. केलं, स्कॉलरशिप मिळवली आणि आरोग्याच्या आकडेवारीत एम.एस्सी. करायला इकडे आले. ज्या ताईंनी ही खोली शोधून दिली, त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आपल्याकडचेच आहेत, नागपूरचे. एकटेच राहतात. माणूस सोन्यासारखा आहे. फक्त जरा... जाऊ दे, तू बघशीलच."

बघितलं. त्या घरात प्रत्येक वस्तूला लेबल होतं. प्रवासाच्या बॅगेला बांधतात तसं, भुऱ्या पुठ्ठ्याचं, भोकात पांढरा दोरा ओवलेलं. भाजीच्या डब्यावर: 'भेंडी. मंगळवार, सायंकाळी सहा चाळीस. केली: मी.' आणि खाली 'पाहिली:' असं लिहून जागा मोकळी. ती माझ्यासाठी. मी झाकण उघडून आत भेंडीच आहे याची खात्री करायची आणि सही करायची. पहिल्या आठवड्यात मी गंमत म्हणून न उघडताच सही केली. काकांनी डबा माझ्यासमोर उघडला. आत वांगी.

"पाह्यलं होतं तू?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग सही कायची केली, बाप्पा?"

त्यांच्या शर्टाच्या खिशात नेहमी दोन गोष्टी असत. एक निळं पेन आणि एक पेन्सिल. जे स्वतः पाहिलं, ते पेननं लिहायचं. जे कुणी सांगितलं, कुठे वाचलं, ते पेन्सिलीनं. आणि बोलतानाही तोच हिशेब. मी म्हणावं, "काका, दूध संपलंय," की ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायचे, "हाये का वाटते?" म्हणजे, संपलं आहे, की संपलं असं तुला वाटतंय? जाऊन बघावं तर तळाशी दोन कप दूध असायचंच. ट्राम चुकली, परीक्षा अवघड गेली, बाहेर थंडी आहे, कशालाही तोच प्रश्न. इंग्रज शेजाऱ्यालाही सोडायचे नाहीत. तो बिचारा म्हणायचा, आज पाऊस येणार. काका कुंपणावरून विचारायचे, "इज, ऑर यू थिंक?"

माझ्या खोलीच्या दारावरही लेबल होतं. त्यावर माझं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव, पेननं, कारण माझा पासपोर्ट त्यांनी पाहिला होता. खाली 'ग्रॅज्युएट', पेन्सिलीनं. मला इतका राग आला की मी बॅगेच्या तळातून माझं लॅमिनेट केलेलं डिग्री सर्टिफिकेट काढलं आणि त्यांच्या पुढ्यात आपटलं. त्यांनी चष्मा पुसला. पुढची बाजू वाचली. उलटून मागची बाजूही वाचली. तिथे काही नव्हतं. मग खुर्चीतून उठून उभे राहिले, म्हणाले, "जय भीम, ग्रॅज्युएट," आणि जिना चढून जाऊन पेन्सिलीवरून पेन फिरवून आले. त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावानं हाक मारली नाही. माझ्या कॉन्व्होकेशनला जेवढ्या टाळ्या वाजल्या, त्यापेक्षा मला ते जास्त वाटलं. वाटलं नाही, होतं.

त्या घरात फक्त एका ठिकाणी खोटी लेबलं चालायची. मसाल्याच्या फळीवर. ती काकूंच्या हातची होती. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. 'हळद' लिहिलेल्या बरणीत जिरं, 'जिरं' लिहिलेल्या बरणीत चहा. पहिल्या दिवशी मी शिस्तीत बरण्या अदलाबदल करायला गेले तर काका धावत आले. "हात नको लावू. ते तसंच बरोबर हाये."

काका तरुणपणी थोरल्या भावाच्या मागोमाग इकडे आले आणि एका हॉस्पिटलच्या शवागारात कामाला लागले. निवृत्त होईपर्यंत तिथेच. आलेल्या माणसाला स्वच्छ करायचं, मोजायचं, पायाच्या अंगठ्याला लेबल बांधायचं, कप्प्यात ठेवायचं, आणि घरचे आले की दाखवायचं. कप्पा उघडण्याआधी ते टकटक करायचे. "कोणाच्याही घरात असं घुसत नाही ना आपण?" ते म्हणाले. हे कळल्यावर मला फ्रिजचं हसू येईनासं झालं. थोड्या दिवसांनी तर मीही टकटक करायला लागले. घर तसं होतं.

आता जे सांगायचं आहे ते.

त्या वर्षी आमच्या डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. मेगन नावाची एक चित्रकार पब्लिक लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये एक काम उभं करणार होती. छोट्या रबरी बोटींतून समुद्र ओलांडून इंग्लंडला येताना जी माणसं मेली, त्यांच्यासाठी. मासेमारीचं एक जुनं मोठं जाळं छताला टांगायचं आणि प्रत्येक माणसामागे एक लेबल हातानं लिहून त्या जाळ्याला बांधायचं. नाव, वय, गाव, कुठे सापडला. लिहिणारे कोण, तर कुणीही. पेन्शनर, विद्यार्थी, बाजाराला निघालेली माणसं. दर शनिवारी सकाळी या, बसा, लिहा. छापील चालणार नाही. मेगन म्हणायची, एक नाव लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तरी कुणीतरी त्या माणसाजवळ बसलं पाहिजे.

तिला यादी करून देणारं कुणीतरी हवं होतं. वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गावांतल्या बातम्या, सगळं गोळा करून एका तक्त्यात भरायचं. मी हात वर केला. आकडेवारी हा माझा विषय, आणि खरं सांगायचं तर वडिलांना फोनवर सांगायला चांगलं काम होतं. काकांना म्हटलं, तुम्हीही चला, लेबलांचंच काम आहे. ते लगेच उठून बूट घालायला लागले. शनिवार यायला अजून तीन दिवस होते.

हॉलमध्ये बाकीचे सकाळभरात वीस-वीस लेबलं लिहायचे. काका तीन. ते उभ्यानं लिहायचे. यादीतल्या ओळीवर बोट ठेवून आधी "गुड मॉर्निंग" म्हणायचे, मग लिहायचे. आणि प्रत्येक ओळीला मला हाक. "ग्रॅज्युएट! हा चोवीस वर्षांचा, कोणी सांगितलं?" "बातमीत आहे, काका." "मंग पेन्सिल." मेगन हसून म्हणायची, यांना राहू द्या, यांची लेबलं सगळ्यांत सुंदर आहेत. होतीच. अक्षर असं, की छापलेलं बाजूला ठेवावं.

बारा वाजता सलमा मॉप आणि बादली घेऊन यायची. सलमा सुदानची, पस्तिशीची, लायब्ररीची सफाई तिच्याकडे होती. ती आली की आम्ही सगळे खुर्च्यांवर पाय वर घ्यायचो आणि ती खालून मॉप फिरवून जायची. काका उभे असायचे म्हणून त्यांच्याभोवती गोल पुसायची. "अंकल, तुमच्या पायाखालची फरशी कधीच स्वच्छ होणार नाही," ती म्हणायची. काका विचारायचे, "इज, ऑर यू थिंक?" आणि ती मॉपवर हनुवटी टेकवून हसायची.

पाचव्या की सहाव्या शनिवारी मी यादीचं नवं पान भिंतीला लावलं. सलमा पुसत पुसत तिथे आली. मी चहा ओतत होते. बादली लवंडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर पाणी हॉलभर पसरत होतं आणि सलमा एका ओळीवर हात ठेवून उभी होती. हात उचलायलाच तयार नव्हती.

ते तिच्या धाकट्या भावाचं नाव होतं. इद्रिस. त्यांच्यात आपल्यासारखंच तीन नावांचं नाव असतं, स्वतःचं, बापाचं, आज्याचं. तिन्ही तेच. जन्माचं साल तेच. तो इंग्लंडला यायला निघाला होता आणि दोन महिने त्याचा फोन नव्हता. फ्रान्सच्या किनाऱ्यावर फोन हरवतात, भिजतात, चोरीला जातात. ती स्वतःची समजूत घालत होती आणि आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. भाऊ गेल्याचं तिला माझ्या तक्त्यावरून कळलं. मी टाइप केलेल्या ओळीवरून.

मेगननं तिला मिठीत घेतलं. सगळे उभे राहिले. पाण्यात उभे. बऱ्याच वेळानं सलमा म्हणाली, "मी लिहिते. त्याचं मी लिहिणार." मेगननं लेबल दिलं, पेन दिलं. सलमा खुर्चीवर बसली आणि पेन टेकवणार, तेवढ्यात लेबलावर काकांचा हात आला.

"पेननं नाही."

कुणाला काही कळेना. काकांनी मला विचारलं, "हे कशावरनं लिहिलं?"

"तिकडच्या बातमीवरून," मी म्हणाले. "किनाऱ्यावर मृतदेह सापडला. जॅकेटच्या खिशात दवाखान्याचं कार्ड होतं. त्यावर नाव."

"कार्ड याचं हाये. मान्य. जॅकेटातला माणूस हाच, हे कोणी पाह्यलं?"

मी भिंतीवरच्या ओळीकडे पाहिलं.

त्यांनी सलमासमोर पेन्सिल धरली. इंग्रजीत, हळू आवाजात म्हणाले, "लिही. जरूर लिही. पण यानं."

सलमानं पेन्सिलीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "माझा भाऊ म्हणजे बाजाराची यादी आहे का, अंकल? खोडून परत लिहायला?"

तिनं पेन्सिल टेबलावर ठेवली, टाकली नाही, ठेवली, आणि बादली तिथेच सोडून निघून गेली.

मग सगळे काकांवर तुटून पडले. एक पेन्शनर आजीबाई, ज्या एरवी त्यांच्यासाठी केक आणायच्या, त्या म्हणाल्या, इतका निर्दय माणूस मी पाहिला नाही. मेगन रडत होती. ती म्हणाली, अशा वेळी खोटी आशा दाखवणं याहून वाईट काही नसतं. काका म्हणाले, "मी आशा दाखवत नाही. मला माहीत नाही, एवढंच मी म्हणतो." त्यानं आणखी बिघडलं.

ट्राममध्ये मी त्यांच्याशेजारी बसले नाही. उतरल्यावर फुटपाथवरच बोलले. "काका, तुमच्यामुळे आज मला लाज वाटली. तिला निदान रडू तरी द्यायचं. यादी कशी करतात ते मला कळतं. मी शिकले आहे ते."

"हाव, शिकली ना तू," काका म्हणाले. "ती बातमी दाखव मले."

घरी येऊन लॅपटॉप उघडला. मूळ बातमी तिकडच्या भाषेत, शेजारी मशीननं केलेलं भाषांतर. काकांनी भिंग घेऊन तीनदा वाचली. मग भिंग माझ्याकडे सरकवलं. "ओळख पटली, असं कुठं लिहिलं हाये?"

मी वाचलं. परत वाचलं. कुठेच नव्हतं. कार्डावर अमुक नाव आहे, चौकशी सुरू आहे, एवढंच होतं. बाकीचं मी भरलं होतं. तक्त्यात 'नाव' असा रकाना होता, मला तो रिकामा ठेवायचा नव्हता. झाकण न उघडता केलेली दुसरी सही.

काका मात्र रागावले नाहीत. त्यांनी लसणाची टोपली पुढ्यात ओढली, मला एक गड्डा दिला, आणि सोलता सोलता जे सांगितलं ते त्यांनी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. काकूंनासुद्धा.

शवागारातलं त्यांचं पहिलं वर्ष. कॅनॉलमधून काढलेला एक माणूस आला. अंगात ओव्हरकोट, कोटाच्या खिशात कामाचं कार्ड. काकांनी कार्डावरचं नाव लेबलावर लिहिलं. पेननं. तेव्हा पेन्सिल नव्हतीच खिशात. पोलीस त्या पत्त्यावर गेले, बायकोला सांगितलं. तिनं शोकासाठी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले, माणसं जमली. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा दारात उभा. तो कुठेतरी मित्राकडे पडून राहिला होता. कोट त्यानं पबमध्ये खुंटीवर टांगला होता, कुणीतरी घालून गेलं होतं.

"मग काय, आनंदच झाला असेल," मी म्हणाले.

"झाला ना. हसले लोक. मलेही हसून सोडून दिलं." काकांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "पण मधल्या दिवशी एक म्हातारी आली होती, ग्रॅज्युएट. पोरगा घरी नाही आला म्हणून विचारत. तिनं नाव सांगितलं. मी वही पाह्यली. त्या नावाचं कोणी नव्हतं. ती दारात उभी होती, भिजलेली, आणि मी तिले म्हटलं, नाही. इथं नाही तुमचा पोरगा. तो तिथंच होता. वीस पावलांवर. दुसऱ्याच्या नावानं."

ती म्हातारी मग शहरातली सगळी हॉस्पिटलं पायी फिरली होती. हे त्यांना नंतर कळलं.

मंगळवारी आम्ही दोघं लायब्ररीत गेलो. सलमा जिन्याखालच्या खोलीत मॉप पिळत होती. दार सताड उघडं होतं, तरी काकांनी टकटक केलं. मी आधी बोलले. सांगितलं की ती ओळ मी लिहिली, न बघता लिहिली, चूक माझी आहे. हे वाक्य मी ट्राममध्ये पाठ केलं होतं, तरी ते अर्ध्यातच अडलं. मग काकांनी खिशातून एक फॉर्म काढला. हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घेणारी एक संस्था आहे, तिचा. ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि विचारायला लागले. उंची? दात? कुठे जखमेची खूण? सलमा आधी भिंतीकडे बघून उत्तरं देत होती. मग म्हणाली, "डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. लहानपणी फुटबॉल खेळताना मोडली. मीच बांधली होती, चमच्याचा आधार देऊन. वाकडी बांधली."

"तू स्वतः पाहिली?" काकांनी विचारलं.

"अंकल, मी बांधली!"

काकांनी ते पेननं लिहिलं.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते मी सांगू शकत नाही. मी यादी पहिल्या ओळीपासून परत तपासली, प्रत्येक बातमी भिंग घेऊन वाचली, आणि जिथे कुणी पाहिलेलं नव्हतं तिथे रकाना रिकामा केला. मेगन आधी नाराज झाली. नावं परत मिळवून देणं हाच तर तिच्या कामाचा अर्थ होता. एक दिवस ती काकांशेजारी उभी राहून तासभर त्यांचं लिहिणं बघत राहिली, आणि पुढच्या शनिवारी प्रत्येक टेबलावर पेनांच्या मगमध्ये पेन्सिली आल्या. इद्रिसचं लेबल मात्र जाळ्याला लागलं नाही. सलमानं शेवटी ते लिहिलं होतं, पेन्सिलीनं, आणि काकांच्या हातात देऊन म्हणाली होती, तुम्हीच सांभाळा. ते त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचं. शर्ट बदलला की लेबल बदललेल्या शर्टात. मी रोज सकाळी आधी त्यांच्या खिशाकडे बघायची.

आणि मग एका शनिवारी, बारा वाजायच्या आधीच, सलमा जिन्यावरून धावत वर आली. मॉप नाही, बादली नाही. हातात फोन. ती अरबीत ओरडत होती, कुणाला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. आजीबाईंनी तोंडावर हात ठेवला. मेगन टेबलावर चढली, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

काका जागचे हलले नाहीत. "इज, ऑर यू थिंक?" त्यांनी विचारलं. आवाज चिरकला होता.

सलमानं फोन त्यांच्या नाकासमोर धरला. व्हिडिओ कॉल. दवाखान्याची खाट, पाय प्लास्टरमध्ये, दाढी वाढलेला एक बारीक माणूस. शोध घेणाऱ्यांनी त्याला सीमेपलीकडे बेल्जियममधल्या एका हॉस्पिटलात गाठलं होतं.

"पूर्ण नाव?" काकांनी इंग्रजीत विचारलं.

तिकडून तिन्ही नावं आली.

"डावा हात."

स्क्रीनवर एक हात आला. करंगळी वाकडी.

"ग्रॅज्युएट! इकडं ये. पाह्य. दोघांनी पाह्यलं पायजे."

मी पाहिलं. डोळे भरून आले होते म्हणून पुसून परत पाहिलं. "आहे, काका. वाटत नाही. आहे."

तेव्हा त्यांनी खिशातून लेबल काढलं, टेबलावर ठेवलं आणि खोडरबरनं खोडायला लागले. घाई नाही. आधी आज्याचं नाव, मग बापाचं, शेवटी इद्रिस. रबराचा चुरा हातानं झाडला, फुंकर मारली. हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या, सलमा त्यांच्या गळ्यात पडली होती, आणि ते तिच्या खांद्यावरून लेबल उजेडात धरून नीट खोडलं गेलं का ते तपासत होते. आजीबाई येऊन म्हणाल्या, "मी तुम्हाला निर्दय म्हणाले होते." काका म्हणाले, "यू थॉट." त्या इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं.

सगळे जरा शांत झाल्यावर काकांनी सलमाला विचारलं, "जॅकेट कुणाला दिलं त्यानं?"

तो माणूस आमच्या कुणाच्याच लक्षात राहिला नव्हता.

सलमा विचारत गेली, इद्रिस सांगत गेला. बोटीत चढायच्या आधी किनाऱ्यावर एक माणूस थंडीनं कापत होता. इद्रिसच्या अंगात स्वेटर होता, म्हणून त्यानं जॅकेट काढून त्याला दिलं. खिशातलं कार्ड विसरला. मग रेटारेटीत त्याचा पाय मोडला, बहिणीचा नंबर असलेला फोन पाण्यात गेला आणि तो मागे राहिला. बोट गेली. नाव? नाव विचारलं नव्हतं. एक रात्र एका शेकोटीला बसले होते, तेवढीच ओळख. दाढीत पांढरे केस होते. डाव्या हातानं जेवत होता. चहात साखर नको म्हणाला, त्यावरून सगळ्यांनी त्याला चिडवलं. कुठला? एरिट्रियाचा असावा. मुलीबद्दल काहीतरी बोलला होता.

"मी लिहिते," सलमा म्हणाली.

काकांनी खिशातलं पेन काढून तिला दिलं. ते पेन ते कुणालाही देत नसत. माझ्या फॉर्मवर सही करायलाही कधी दिलं नव्हतं. सलमानं लेबलावर नावाची जागा कोरी सोडली आणि खाली, इद्रिसनं स्वतः पाहिलेलं तेवढं, पेननं लिहिलं: 'पुरुष. दाढीत पांढरे केस. डावखुरा. चहात साखर नको. अंगातलं जॅकेट त्याचं नाही, माझ्या भावानं दिलेलं आहे.' मग पेन ठेवून, कुणी न सांगता, पेन्सिल घेतली: 'एरिट्रिया? एक मुलगी?'

हेच सगळं त्याच संध्याकाळी काकांनी शोध संस्थेच्या दुसऱ्या फॉर्मवर उतरवून पाठवलं. त्याचं उत्तर मी तिथे होते तोवर तरी आलं नव्हतं.

मी आता ब्रिस्टलला नोकरी करते. खिशात पेन्सिल असते, ऑफिसात हसतात, हसू देत. सलमाचा भाऊ तिकडेच काठी घेऊन चालायला लागलाय, बहिणीला रोज फोन करतो आणि ती म्हणते, आता जरा कमी केले तरी चालतील. काका आहेत. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते, 'हळद' लिहिलेल्या बरणीतलं जिरं घातलेली आमटी खाऊन आले.

पण मला आठवतं ते जाळं लोकांना बघायला उघडायच्या आदल्या दिवशीचं. मेगननं सगळी लेबलं कुठे कशी लावायची याचा नकाशा केला होता. काकांनी त्या नाव नसलेल्या लेबलाची जागा बदलायला सांगितली. आत नको, म्हणाले, दाराजवळ, जाळ्याच्या पहिल्याच घराला. मेगननं कारण विचारलं. ते इंग्रजीत नीट सांगू शकले नाहीत, म्हणून मला मराठीत सांगितलं आणि मी तिला.

"कोणी विचारत आलं, तर दारातच दिसला पायजे. ह्या वेळेस 'नाही' म्हणायचं नाही."

मग त्यांनी दोरा ओवला, लेबलावर बोटानं हळू दोनदा टकटक केलं, आणि गाठ मारली.